सुईची जखम आणि तिच्यावरील उपाय

इ. स. १८४७ च्या मार्च महिन्यात व्हिएन्ना शहरात याकोब कोलेच्का नावाचे न्यायवैद्यकाचे प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यांना शवविच्छेदन शिकवीत होते. काम चालू असता एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरीचे टोक प्राध्यापकांच्या बोटाला लागले. जखम अगदी लहान होती. परंतु थोड्याच दिवसांत हात सुजला, ताप चढला, विकार सर्व शरीरात पसरला आणि त्यातच त्यांचा अंत झाला. त्यांचे स्नेही डॉ. इग्नाझ सेमेलवाइस त्या वेळी परगावी होते. परत आल्यावर त्यांनी आपल्या मित्राच्या शवपरीक्षेचा वृत्तांत बारकाईने पाहिला. प्रसूतीनंतर ज्वराने दगावणाऱ्या स्त्रियांच्या शरीरात जे फेरफार दिसत, नेमके तेच येथेही झालेले होते. मृतदेहातील काही घातक द्रव्य सुरीच्या टोकावरून मित्राच्या शरीरात गेले असले पाहिजे, आणि तेच द्रव्य डॉक्टरांच्या हातांवरून बाळंतिणींपर्यंत पोहोचत असले पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले. त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला. त्यांच्या प्रसूतिकक्षातील मृत्यूंचे प्रमाण त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये शेकडा १८ च्या आसपास होते, ते जूनमध्ये शेकडा सुमारे २ वर आले.

या घटनेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. रुग्णसेवेच्या कामात एखादी क्षुल्लक जखमही प्राणघातक ठरू शकते, ही पहिली गोष्ट होय. अशा जखमेची नीट नोंद झाली, तिच्याकडे कोणी लक्षपूर्वक पाहिले, तर तिच्यापासून इतरांचे प्राण वाचविणारे ज्ञान मिळते, ही दुसरी. कोलेच्का यांच्यासाठी त्या काळी कोणताही उपाय नव्हता. आज मात्र उपाय आहेत, आणि ते चांगले परिणामकारक आहेत. परंतु त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचे उपाय ठराविक वेळेच्या आतच करावे लागतात. म्हणूनच सुई टोचल्यानंतर काय करावे हे माहीत असणे जितके आवश्यक आहे, तितकेच ते लगेच करणे व झालेली घटना न लपविणे आवश्यक आहे.

ही जखम कोणाला होते?

पोकळ सुई आणि पिचकारी यांच्या साहाय्याने त्वचेखाली औषध देण्याची पद्धत १८५३ च्या सुमारास स्कॉटलंडचे अलेक्झांडर वुड व फ्रान्सचे शार्ल प्रावाझ यांच्या प्रयत्नांनी रूढ होऊ लागली. तेव्हापासून इंजेक्शन हे वैद्यकाचे नित्याचे साधन बनले. आज इंजेक्शन देणे, तपासणीसाठी रक्त काढणे, सलाईन लावणे, जखमेला टाके घालणे, शस्त्रक्रियेच्या वेळी हत्यारे हातोहात देणे या सर्व कामांत तीक्ष्ण धार किंवा टोक माणसाच्या हाताजवळ सतत वावरत असते. रुग्णाच्या रक्ताने माखलेले असे टोक काम करणाऱ्याच्या कातडीत शिरले, म्हणजे जो अपघात होतो, त्याचा येथे विचार करावयाचा आहे. रक्त डोळ्यांत किंवा तोंडात उडणे, किंवा कातडीवरील उघड्या जखमेस लागणे, हेही अपघात याच वर्गातले, पण त्यांचा धोका तुलनेने कमी असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असा अंदाज दिला होता की, जगातील सुमारे ३ कोटी ५० लाख आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी जवळजवळ ३० लाख कर्मचाऱ्यांना दरवर्षी अशा दूषित टोकाची इजा होते. यांत परिचारिकांची संख्या मोठी असते, कारण सुई सर्वांत अधिक वेळा त्यांच्याच हाती असते. परंतु इतरही कित्येकजण यात सापडतात. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, शिकाऊ डॉक्टर, दंतवैद्य, कपडे धुणारे, आणि विशेषतः सफाई कामगार यांनाही हा धोका असतो. सफाई कामगाराच्या हाताला टोचणारी सुई त्याने कधी हाती धरलेलीही नसते. कोणीतरी ती कचऱ्याच्या पिशवीत किंवा चादरीच्या घडीत टाकून गेलेले असते.

सुईबरोबर काय जाते?

सुईच्या जखमेतून वीसपेक्षा अधिक रोगांचे जंतू शरीरात जाऊ शकतात. तथापि मुख्य चिंता तीन विषाणूंची असते. कावीळ घडवून आणणारे यकृतशोथ ब व यकृतशोथ क या रोगांचे दोन विषाणू, आणि एड्स या रोगास कारण होणारा एचआयव्ही हा विषाणू, हे ते तीन होत. व्यवहारात पहिल्या दोन रोगांना हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी असे म्हणतात.

हिपॅटायटिस बी रोगाचा माग प्रथम बरुक ब्लुम्बर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञांना लागला. निरनिराळ्या लोकसमूहांच्या रक्तातील भेद अभ्यासत असता एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तद्रवात त्यांना एक अपरिचित पदार्थ आढळला. १९६५ साली त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तो पदार्थ म्हणजे या विषाणूच्या बाह्य आवरणाचा अंश होता, हे पुढे सिद्ध झाले. या संशोधनाच्या इतिहासात एक प्रसंग फार बोलका आहे. १९६७ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका तरुण महिलेस अस्वस्थ वाटू लागले. तिने एका संध्याकाळी स्वतःच्याच रक्ताची तपासणी लावली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला त्यात तो पदार्थ असल्याची खूण दिसली. पुढे तिला कावीळ झाली व ती बरीही झाली. या तपासणीने निदान झालेली ती पहिली रुग्ण होय. रक्ताशी संबंध येणाऱ्याला हा रोग कसा गाठतो आणि वेळीच तपासणी करण्याचे मोल काय असते, हे दोन्ही त्या प्रसंगात दिसते. ब्लुम्बर्ग यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, हा आज जागतिक यकृतशोथ दिन म्हणून पाळला जातो.

एचआयव्हीचा शोध १९८३ मध्ये लागला. सुईच्या टोचणीतून एका परिचारिकेस त्याची बाधा झाल्याचा पहिला वृत्तांत १९८४ साली ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकात आला. भारतात हा विषाणू प्रथम १९८६ मध्ये मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, येथे आढळला. हिपॅटायटिस सीचा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. तोपर्यंत त्या रोगास स्वतःचे असे वेगळे नाव नव्हते.

धोक्याचे माप

भीतीला माप नसते, पण धोक्याला असते. समजा, एखाद्या विषाणूची बाधा असलेल्या रुग्णांच्या रक्ताने माखलेल्या सुया एक हजार कर्मचाऱ्यांना टोचल्या, आणि त्यांपैकी कोणीही कसलाच उपाय केला नाही. अशा वेळी किती जणांना रोग जडेल?

तो विषाणू एचआयव्ही असल्यास सुमारे तिघांना. उरलेल्या ९९७ जणांना बाधा होणार नाही. हिपॅटायटिस सीच्या बाबतीत जुन्या पाहण्यांप्रमाणे सुमारे अठरा जणांना, तर अलीकडील मोठ्या पाहणीप्रमाणे सुमारे दोघांना. हिपॅटायटिस बीच्या बाबतीत मात्र लस न घेतलेल्या हजार जणांपैकी साठ ते तीनशे जणांना बाधा होण्याचा संभव असतो. लोक ज्या रोगाच्या नावाने सर्वांत अधिक घाबरतात, तो या वाटेने मोठ्या कष्टाने पसरतो, आणि ज्याकडे 'साधी कावीळ' म्हणून दुर्लक्ष होते, तो त्याहून कित्येक पटींनी सहज पसरतो, हे या आकड्यांवरून ध्यानात येईल.

या फरकाचे कारण असे की, हिपॅटायटिस बीच्या काही रुग्णांच्या एका मिलिलिटर रक्तात विषाणूंची संख्या कोट्यवधी असते. शिवाय हा विषाणू मोठा चिवट आहे. वाळलेल्या रक्तातही तो किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. एचआयव्ही त्या मानाने नाजूक आहे. शरीराबाहेर तो फार काळ तग धरीत नाही.

सर्व टोचण्या सारख्याच धोक्याच्या नसतात. इंजेक्शनची सुई पोकळ असल्यामुळे तिच्या पोकळीत रक्त साठून राहते. टाके घालण्याची सुई भरीव असल्याने तिच्याबरोबर कमी रक्त जाते, आणि हातमोज्यातून जाताना त्यातलेही काही पुसले जाते. फ्रान्स, इटली, ब्रिटन व अमेरिका या देशांतील कर्मचाऱ्यांची माहिती एकत्र करून १९९७ मध्ये एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जखम खोल असणे, सुईवर रक्त डोळ्यांना दिसणे, सुई रुग्णाच्या शिरेत किंवा धमनीत घातलेली असणे, आणि रुग्णाचा एड्स अखेरच्या अवस्थेत असणे, या चार गोष्टींनी एचआयव्हीचा धोका वाढतो, असे त्यात दिसून आले. त्याच अभ्यासात असेही आढळले की, ज्यांनी अपघातानंतर झिडोव्हुडिन हे औषध घेतले होते, त्यांच्या बाबतीत धोका सुमारे शेकडा ८१ ने कमी झाला होता. उपचाराची आजची सर्व पद्धत या निष्कर्षाच्या पायावर उभी राहिली.

पहिली पाच मिनिटे

सुई टोचताच माणसाचा हात नकळत तोंडाकडे जातो, किंवा दुसऱ्या हाताने बोट दाबून रक्त काढण्याकडे त्याचा कल होतो. या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. बोट तोंडात घातल्याने विषाणूला आणखी एक वाट मिळते. जखम पिळल्याने आतील विषाणू बाहेर येत नाहीत, उलट आजूबाजूच्या ऊतींना इजा होऊन सूज येते. स्पिरिट, आयोडीन, ब्लीचिंग पावडरीचे पाणी असले दाहक पदार्थ जखमेवर ओतल्यानेही लाभ होत नाही, कातडी मात्र भाजते.

करावयाचे ते अगदी साधे आहे. हातातील काम सुरक्षितपणे थांबवावे, सुई योग्य डब्यात टाकावी, हातमोजे काढावेत, आणि जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने स्वच्छ धुवावी. रक्त डोळ्यांत उडाले असल्यास डोळे स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनच्या पाण्याने पुष्कळ वेळ धुवावेत. डोळ्यांत साबण घालू नये. तोंडात उडाले असल्यास ताबडतोब थुंकून पुन्हा पुन्हा चुळा भराव्यात. यापुढचे काम एकट्याने करावयाचे नाही. ते वरिष्ठ परिचारिकेला अथवा कामावर असलेल्या डॉक्टरांना सांगावयाचे आहे, आणि तेही पाळी संपल्यावर नव्हे, त्याच क्षणी.

पहिले काही तास

वेळेला इतके महत्त्व का, हे समजण्यासाठी विषाणू शरीरात गेल्यावर काय करतो ते पाहिले पाहिजे. एचआयव्ही कातडीत शिरताच सर्व शरीरात पसरत नाही. प्रथम तो त्या जागेच्या आसपासच्या काही पेशींत असतो. तेथून एक-दोन दिवसांत तो जवळच्या लसिका ग्रंथींत पोहोचतो, आणि तेथे पाय रोवल्यानंतर रक्तातून सर्वत्र जातो. एकदा त्याने शरीरात कायमचे ठाणे दिले, की त्याला पूर्णपणे हुसकावून लावणारे औषध व्यवहारात उपलब्ध नाही. परंतु ठाणे देण्यापूर्वीच्या त्या अल्प अवधीत औषध रक्तात पोहोचले, तर विषाणूची वाढ तेथेच खुंटते. म्हणून औषधाची पहिली मात्रा शक्यतो दोन तासांच्या आत घ्यावी असे सांगितले जाते. ७२ तास उलटून गेल्यावर तिचा उपयोग होत नाही.

ज्या रुग्णाच्या रक्ताने अपघात झाला, त्याची तपासणी करणे इष्ट असते. मात्र ती त्याला समजावून सांगून, त्याच्या संमतीने व गुप्तता राखूनच केली पाहिजे. त्याच्या तपासणीचा निष्कर्ष येईपर्यंत औषधासाठी थांबू नये. डॉक्टरांना धोका वाटल्यास पहिली मात्रा लगेच देतात. पुढे तो रुग्ण निर्दोष आढळला, तर औषध बंद करता येते. उशिरा सुरू केलेले औषध मात्र मागे नेऊन वेळेवर सुरू करता येत नाही.

जखमी व्यक्तीच्या रक्ताचीही त्याच वेळी तपासणी करतात. हे अविश्वासाचे लक्षण समजू नये. अपघाताच्या दिवशी ती व्यक्ती निरोगी होती, याचा तो पुरावा असतो. दुर्दैवाने पुढे रोग उद्भवलाच, तर तो कामामुळे झाला हे दाखविण्यास तो उपयोगी पडतो.

हिपॅटायटिस बीच्या बाबतीत पहिला प्रश्न असतो तो लसीचा. शून्य, एक व सहा महिने अशा अंतराने तीन मात्रा घेतल्यावर निरोगी प्रौढांपैकी शेकडा ९० हून अधिक लोकांच्या रक्तात संरक्षक प्रतिपिंडे तयार होतात. शेवटच्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्त तपासून त्यांचे प्रमाण दर मिलिलिटरला १० मिली-आंतरराष्ट्रीय एकक किंवा अधिक आढळले, तर अशा व्यक्तीस या रोगाची चिंता करण्याचे कारण उरत नाही. ज्याने लस घेतलेली नाही, त्यालाही आशा असते. हा विषाणू शरीरात गेल्यावर रोग प्रकट होण्यास एक ते सहा महिने लागतात. या संथपणामुळे अपघातानंतर लगेच दिलेली लस त्याच्या आधी पोहोचू शकते. तिच्या जोडीला तयार प्रतिपिंडांचे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचे, इंजेक्शन देतात. ते शक्यतो २४ तासांत द्यावयाचे असते. सात दिवसांनंतर त्याचा लाभ होईल असे धरता येत नाही.

हिपॅटायटिस सीवर अद्याप लस नाही, आणि अपघातानंतर घ्यावयाचे प्रतिबंधक औषधही नाही. येथे मार्ग आहे तो पाळत ठेवण्याचा. तीन ते सहा आठवड्यांनी विषाणूच्या आरएनएची आणि चार ते सहा महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करतात. बाधा आढळल्यास आठ ते बारा आठवडे गोळ्या घेऊन शेकडा ९५ हून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. २०१३ नंतर उपलब्ध झालेल्या या औषधांनी त्या रोगाचे स्वरूपच पालटून टाकले आहे. भारतात २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य यकृतशोथ नियंत्रण कार्यक्रमातून ती विनामूल्य दिली जातात.

अठ्ठावीस दिवस

एचआयव्हीविरुद्धचे प्रतिबंधक औषध अठ्ठावीस दिवस न चुकता घ्यावे लागते. आज भारतात सामान्यतः टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन व डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधे एकत्र देतात. पूर्वीच्या औषधांच्या मानाने ती सोसण्यास सोपी आहेत. तरीही मळमळ, थकवा, डोकेदुखी, झोप न लागणे असा त्रास काहींना होतो. पहिल्या आठवड्यात हा त्रास झाला, की 'आपल्याला काही होणार नाही' असे मनाशी ठरवून औषध सोडून देणारे पुष्कळ असतात. असे करू नये. त्रासावर डॉक्टरांजवळ उपाय असतात. मात्र अर्धवट सोडलेल्या औषधाची भरपाई नंतर करता येत नाही.

त्यानंतर साधारणपणे सहा आठवडे, तीन महिने व सहा महिने पूर्ण झाल्यावर तपासणी करतात. मधल्या काळात रक्तदान करू नये, शरीरसंबंधाच्या वेळी निरोध वापरावा, आणि गर्भधारणा किंवा स्तनपान यांविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. यापलीकडे काही बंधन नाही. घरच्यांबरोबर एका ताटात जेवणे, लेकरांना जवळ घेणे, एकाच स्नानगृहाचा वापर करणे, रोजचे काम करणे, यांपैकी कशानेही कोणाला धोका पोहोचत नाही. कित्येकजण या काळात स्वतःच्या मुलांनाही दूर ठेवतात. ही शिक्षा शास्त्राने त्यांना दिलेली नसते, ती त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली असते.

प्रतीक्षेचे ओझे

रोगाची बाधा हजारांत थोड्यांनाच होते. प्रतीक्षेचे ओझे मात्र जवळजवळ प्रत्येकाला वाहावे लागते. रात्री झोप न लागणे, तो क्षण पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, सुई हातात घेताना हात थरथरणे, लहानसा ताप आला तरी धस्स होणे, हे सर्व अशा व्यक्तींच्या अनुभवास येते. हा मनाचा दुबळेपणा नव्हे. अनिश्चिततेला मनाने दिलेले ते स्वाभाविक उत्तर आहे. या वेळी नेमके आकडे कोणीतरी शांतपणे समजावून सांगितले, पुढील तपासणीची तारीख लेखी दिली, आणि विश्वासातील एका तरी व्यक्तीजवळ मन मोकळे करता आले, तर ओझे पुष्कळ हलके होते. अनेक रुग्णालयांत यासाठी समुपदेशक असतात. त्रास फार वाढल्यास त्यांच्याकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात संकोच बाळगू नये.

मौनाचा धोका

उपाय एवढे निश्चित असूनही अनेकजण त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. घडलेल्या अपघातांपैकी निम्म्याच्या आसपास अपघातांची नोंदच होत नाही, असे वेगवेगळ्या देशांतील पाहण्यांत वारंवार दिसून आले आहे. याची कारणे माणसाच्या स्वभावात आणि संस्थेच्या वागणुकीत शोधावी लागतात. शिकाऊ परिचारिकेला वाटते, वरिष्ठ रागावतील. शल्यवैद्याला वाटते, काम अर्धवट टाकून कसे जावे. तंत्रज्ञाला वाटते, रुग्ण तर निरोगी दिसतो. कंत्राटी सफाई कामगाराला तर नोकरी जाण्याचीच धास्ती असते, आणि कोठे जाऊन सांगावयाचे हेही त्याला कोणी सांगितलेले नसते. या सर्वांच्या मनात आणखी एक भीती असते : आपल्याला रोग झाला आहे असे लोकांना वाटले तर?

अशा मौनात दोन तास जातात, मग एक दिवस, मग तीन दिवस. सुईने जे केले नसते, ते मौन करून जाते. जी वेळेवर सुरू केलेल्या औषधाने टाळता आली असती, अशी बाधा केवळ संकोचापायी आयुष्यभराची सोबतीण होऊ शकते. म्हणून अपघात कळविणाऱ्याला दोष न देणे ही केवळ सौजन्याची बाब नसून तो उपचाराचाच एक भाग आहे. ज्या संस्थेत 'असे कसे झाले?' या प्रश्नाआधी 'जखम धुतली का? किती वेळ झाला?' हे प्रश्न विचारले जातात, तेथील कर्मचारी वेळेवर पुढे येतात.

या बाबतीत कायदाही कर्मचाऱ्याच्या बाजूस आहे. भारतातील एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियम, २०१७, हा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. ज्या संस्थेत कामामुळे एचआयव्हीचा संसर्ग होण्याचा मोठा संभव असतो, तिने आपल्या कर्मचाऱ्यांना संरक्षक साधने, शिक्षण व अपघातानंतरचे प्रतिबंधक औषध पुरविले पाहिजे, असे बंधन त्याने घातले आहे. एचआयव्हीबाधित व्यक्तीस नोकरीत भेदभावाने वागविण्यासही त्याने मनाई केली आहे. जैववैद्यकीय कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांनी असा कचरा हाताळणाऱ्या सर्वांना हिपॅटायटिस बी व धनुर्वात यांविरुद्ध लस देण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. 'सर्वांना' या शब्दात झाडू मारणारा आणि डबे वाहून नेणारा हेही येतात.

अपघात टाळता येतो काय?

अमेरिकेतील एका विद्यापीठ रुग्णालयात झालेल्या ३२६ सुईच्या जखमांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश जखमा वापरलेल्या सुईवर टोपण परत बसविताना झाल्या होत्या. टोपण बसविणारा माणूस अविचारी नसतो. उघडी सुई कोणाला लागू नये या सावधगिरीनेच तो तसे करीत असतो. दोष त्याच्या हेतूत नसून त्या कृतीत आहे : एका हातात टोक, दुसऱ्या हातात लहानसे टोपण, आणि नेम थोडा जरी चुकला तरी बोट समोर. म्हणून वापरलेल्या सुईवर टोपण चढवू नये, ती वाकवू नये, हाताने मोडू नये, हा नियम सर्वत्र मान्य झाला आहे. ती सुई-कापक यंत्राने निकामी करावी किंवा तशीच पांढऱ्या, अर्धपारदर्शक, टोचून न फाटणाऱ्या डब्यात टाकावी. डबा हाताशी असावा आणि तीन-चतुर्थांश भरताच बदलावा. काठोकाठ भरलेल्या डब्यात सुई दाबणे हे नव्या अपघाताला आमंत्रण होय.

शस्त्रक्रियेत धारदार हत्यार हातातून हातात न देता मध्ये ठेवलेल्या तबकातून द्यावे. चंचल अथवा भ्रमिष्ट रुग्णाला इंजेक्शन देताना मदतनीस घ्यावा. काम संपताच आपटून बंद होणारी किंवा आत ओढली जाणारी सुरक्षित सुईही आता मिळते. असे संरक्षण असलेल्या सिरिंज वापराव्यात, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केली. आणि या सर्वांहून सोपी गोष्ट म्हणजे अनावश्यक इंजेक्शन न देणे. जेथे गोळीने काम भागते, तेथे सुई उचललीच नाही, तर तिची जखमही होत नाही. या बाबतीत रुग्णही साहाय्य करू शकतात. इंजेक्शनाशिवाय औषध नव्हे, हा समज आपल्या समाजात खोलवर रुजलेला आहे. तो जितका दूर होईल, तितके रुग्ण आणि रुग्णसेवक दोघेही सुरक्षित होतील.

समारोप

या विवेचनाचे सार थोडक्यात असे सांगता येईल. लस अपघातापूर्वीच घेऊन ठेवावी. सुई टोचल्यास जखम साबणाने व पाण्याने धुवावी, पिळू नये. घटना त्याच क्षणी कळवावी. औषध सांगितले असल्यास दोन तासांच्या आत सुरू करावे व अठ्ठावीस दिवस पूर्ण करावे. तपासणीच्या तारखा चुकवू नयेत. आणि जो सहकारी आपल्याकडे असा अपघात सांगत येईल, त्याला प्रथम पाण्याच्या नळाकडे व मग डॉक्टरांकडे न्यावे. दोष कोणाचा, हा विचार नंतर करता येतो.

कोलेच्का यांच्या बोटाला सुरी लागली, तेव्हा त्यांच्या भोवतालच्या जाणत्या लोकांना काय करावे हे ठाऊक नव्हते. आज एखाद्या लहान गावातील आरोग्यकेंद्रात रात्रपाळीला असलेल्या परिचारिकेला ते ठाऊक असू शकते. ते तिला ठाऊक असावे, औषध तिच्या आवाक्यात असावे, आणि ते मागताना तिला कोणाची भीती वाटू नये, एवढी व्यवस्था करणे हे समाजाचे काम आहे. जे हात इतरांच्या वेदना हलक्या करण्यासाठी सुई उचलतात, त्यांचे या बाबतीत समाजावर एवढे ऋण निश्चितच आहे.